मिग्रेन म्हणजे अर्धशिशीच: सीएनआरटीएल या फ्रेंच शब्दकोशाच्या साइटचा रिव्ह्यू

फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी आणि मेडिकल ट्रान्सलेशन करणाऱ्यांसाठी मुख्यतः लिहितेय, पण एखादा शब्द कुठून आला हे खणून काढायची आवड असेल तर तुम्हीपण वाचा. साइटचं नाव सीएनआरटीएल, पत्ता सीएनआरटीएल डॉट एफआर. पूर्ण फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. मी गेली सहा वर्षं जवळजवळ रोज उघडतेय आणि आता एवढं वापरून झाल्यावर दोन शब्द लिहिलेच पाहिजेत असं वाटलं, कारण मराठीत याच्याबद्दल कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

कशावरून एवढं प्रेम ते आधी सांगते.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक फाइल आली होती, फ्रेंचमधून मराठीत, पेशंटने घरी भरायची डोकेदुखीची वही. कधी दुखलं, किती वेळ दुखलं, कुठल्या बाजूला, उलटी झाली का, उजेड सहन होत होता का, असले रकाने. मूळ फ्रेंचमध्ये शब्द 'मिग्रेन', आपण ज्याला इंग्रजीच्या वळणाने मायग्रेन म्हणतो तोच. मी मराठीत 'अर्धशिशी' लिहिलं. फाइल तपासून परत आली तेव्हा लाल अक्षरात शेरा होता की अर्धशिशी हा घरगुती शब्द आहे, त्याने शास्त्रीय अर्थ येत नाही, सगळीकडे मायग्रेन करा. एजन्सीचं नाव सांगत नाही आणि तपासणाऱ्या माणसाचा हेतूही वाईट नव्हता, पण मला ते फार लागलं.

लागलं कारण हा शब्द मी पुस्तकात नाही शिकले. आईची अर्धशिशी मी लहानपणापासून बघितलीये. दुपारी शाळेतून आलं की खोलीचे पडदे ओढलेले, आईच्या कपाळावर उगाळलेल्या सुंठेचा लेप वाळून भेगाळलेला, डोक्याला जुन्या सुती साडीची पट्टी करकचून बांधलेली, आणि आजी दारातच ओठांवर बोट ठेवून सांगायची, "अर्धं डोकं उठलंय गं तिचं, भांडी वाजवू नकोस." आई डाव्या भुवईच्या वर दोन बोटं दाबून धरायची. उजव्या बाजूला कधीच नाही. त्या दोन बोटांचे लालसर वळ संध्याकाळपर्यंत राहायचे. मग 'शास्त्रीय अर्थ येत नाही' म्हणजे नक्की काय येत नाही, हे मला बघायचंच होतं.

तर साइट उघडली. वर टॅब आहेत, मॉर्फोलॉजी (शब्दाची रूपं), लेक्सिकोग्राफी (कोशातली नोंद), एटिमॉलॉजी (व्युत्पत्ती), समानार्थी, विरुद्धार्थी वगैरे. शब्द टाकला आणि लेक्सिकोग्राफीवर गेलं की जी नोंद उघडते ती 'त्रेझॉर द ला लांग फ्रांसेझ' या महाकोशातली असते. त्रेझॉर म्हणजे खजिना, आणि नाव अगदी बरोबर ठेवलंय. १६ खंड, पहिला १९७१ ला आला, शेवटचा १९९४ ला. काम चाललं पूर्व फ्रान्समधल्या नांसी शहरात, आधी पोल इम्ब्स आणि मग बेर्नार केमादा यांच्या देखरेखीखाली. साधारण १ लाख शब्द, २ लाख ७० हजार व्याख्या आणि ४ लाख ३० हजार उदाहरणं. आणि ही उदाहरणं कोणी टेबलावर बसून रचलेली नाहीत, छापलेल्या पुस्तकांतून, खऱ्या वाक्यांतून घेतलेली, त्यासाठी १९६० च्या दशकात नांसीमध्ये गामा ६० नावाचा खोलीभर मोठा कॉम्प्युटर बसवला होता आणि त्यावरून हजारो पानांमधले शब्द त्यांच्या आजूबाजूच्या वाक्यासकट छापून काढायचे. नंतर सगळा कोश डिजिटल झाला, आणि २००५ मध्ये तिकडच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने, म्हणजे सीएनआरएसने, हे पोर्टल उभं करून तो सगळ्या जगाला मोकळा केला.

आता 'मिग्रेन'ची नोंद. व्याख्या, मग उदाहरणं, मग उच्चार आणि स्पेलिंग, आणि सगळ्यात खाली, जिथे बहुतेक लोक पोचतच नाहीत, तिथे 'एटिमॉलॉजी आणि इतिहास' हा परिच्छेद. खरा माल तिथे आहे. बारीक अक्षरात, संक्षेपांनी भरलेला, पहिल्यांदा बघितलं तर रेल्वेचं टाइमटेबल वाटतं. पण एकदा वाचायची सवय झाली की त्यातून शब्दाची जन्मपत्रिका दिसते. शब्द लॅटिनमधल्या 'हेमिक्रानिया'वरून, आणि तो ग्रीक 'हेमिक्रानिया'वरून. हेमि म्हणजे अर्धं, क्रानिऑन म्हणजे कवटी, डोकं. दुसऱ्या शतकातला गॅलेन हा ग्रीक वैद्य हाच शब्द वापरायचा.

अर्धं डोकं. आजी म्हणायची तसंच, शब्दाला शब्द.

मी खुर्चीतून उठले आणि घरात एक चक्कर मारून आले, खोटं नाही सांगत.

मग वाटलं की 'हेमिक्रानिया'चं 'मिग्रेन' झालं कसं, एवढा लांब शब्द एवढा आखूड? हेही नोंदीतली जुनी रूपं बघितली की उलगडतं. सुरुवातीचं 'हे' गळून पडलं, 'क्रा'मधला क मऊ होऊन ग झाला, आणि शेवटच्या 'निया'चा आवाज दबत दबत 'न्य' झाला, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये 'मिग्रेन्य' असं रूप सापडतं, आणि मग तो 'न्य' पण साधा 'न' झाला. लोकांच्या तोंडात शब्द असाच झिजतो, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजतात तसा. आपल्याकडे शीर्षचं 'शिशी' झालं तेही याच वाटेने. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचकडून दोनदा घेतलाय, मध्ययुगात घेतला त्याचं 'मेग्रिम' करून टाकलं आणि नंतर परत फ्रेंच स्पेलिंगसकट 'मायग्रेन' आणला. म्हणजे जो शब्द मला शास्त्रीय म्हणून सांगितला गेला तोसुद्धा बाजारात, स्वयंपाकघरात, आजारी माणसाच्या खाटेजवळ झिजलेलाच आहे. त्याच्यात आणि अर्धशिशीत उच्चनीच करायला काही जागाच नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी फ्रेंच शिकत असताना पडले होते, म्हणून सांगून ठेवते. फ्रेंचमध्ये 'मि' म्हणजे अर्धा किंवा मधला, मिदी म्हणजे दुपार, मिन्वी म्हणजे मध्यरात्र, आणि 'ग्रेन' म्हणजे बी. त्यामुळे मिग्रेन म्हणजे 'अर्धं बी' असं कानाला वाटतं आणि क्लासमध्ये आम्ही बऱ्याच जणींनी तेच धरून ठेवलं होतं. साइटवर नोंदीतल्या कुठल्याही शब्दावर डबल क्लिक केलं की त्या शब्दाची नोंद उघडते. तसं मी 'मि'वर गेले आणि कळलं की तो 'मि' लॅटिनच्या 'मेदियुस'वरून आलाय, त्याचं कुळ वेगळं, आणि मिग्रेनमधला 'मि' हा 'हेमि'चं उरलेलं शेपूट. दोन्हींचा अर्थ 'अर्धा'च्या जवळ आणि आवाज एकच, पण नातं नाही. माझा भाचा लहान असताना त्याला अर्धशिशी म्हणजे औषधाची अर्धी बाटली वाटायची, तसंच हे. कानावर जाऊन व्युत्पत्ती ठरवायची नाही, आधीची रूपं दाखवा मगच बोला, ही शिस्त या साइटने मला लावली.

नंतरचा शोध साइटच्या बाहेरचा आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्रेझॉर ग्रीकपर्यंत आणून सोडतो, तिथून पुढे तो जात नाही. पण कॉलेजात संस्कृत होतं म्हणून मला पुढचा रस्ता माहिती होता. ग्रीकमध्ये जुना 'स' शब्दाच्या सुरुवातीला 'ह' होतो, सप्त तिकडे हेप्ता आहे. मग 'हेमि'चा संस्कृत भाऊ कोण, तर 'सामि', म्हणजे अर्धं, सामिकृत म्हणजे अर्धवट केलेलं. आणि ग्रीक 'क' समोर बऱ्याचदा आपला 'श' असतो, त्यांचं हेकातोन आपलं शत. तर 'क्रानिऑन'चा भाऊबंद कोण? आपलं शिरस्, आपलं शीर्ष! एकाच मुळाचे दोन फाटे. म्हणजे मिग्रेनमधलं 'ग्रेन' आणि अर्धशिशीतलं 'शिशी' नुसते एका अर्थाचे नाहीत तर रक्ताचे नातेवाईक आहेत, हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले. हिंदीतली आधासीसी पण त्याच घरातली. आणि आयुर्वेदात सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ११ शिरोरोग सांगितलेत त्यात 'अर्धावभेदक' आहे, अर्ध्या डोक्यात भेदल्यासारखं दुखणं. दोन ठिकाणच्या वैद्यांनी पेशंटला विचारलं असणार की कुठे दुखतं, आणि पेशंटने अर्ध्या डोक्यावर हात ठेवला असणार.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, शब्द म्हणजे व्याख्या नाही. आजचे डॉक्टर सांगतात की मायग्रेन बऱ्याच जणांना दोन्ही बाजूंनी होतं, आणि नुसतं अर्धं डोकं दुखलं म्हणजे मायग्रेनच असं पण नाही. शब्दाने एकच लक्षण पकडून ठेवलंय. पण हे जेवढं अर्धशिशीला लागू तेवढंच मायग्रेनला लागू.

आता साइट वापरायच्या दोन-तीन गोष्टी. एक, नोंद उघडली की वर एक रकाना असतो तिथून नोंदीतले वेगवेगळे भाग रंगवता येतात, व्याख्या, उदाहरण, लेखक, तारीख, कुठल्या शास्त्रातला शब्द ते, जे हवं ते. लांबलचक नोंदीत व्याख्या शोधताना डोळे फुटतात, तर व्याख्यांना एक रंग द्या आणि फरक बघा. मी हे फीचर वर्षभर वापरलंच नव्हतं, तुम्ही पहिल्या दिवसापासून वापरा. दोन, त्याच शब्दासाठी दुसरे कोशही तिथेच बाजूला उघडतात, फ्रेंच अकादमीच्या, म्हणजे फ्रेंच भाषेची काळजी वाहणाऱ्या तिकडच्या संस्थेच्या, कोशाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, १७६२ ची चौथी सुद्धा, आणि १३३० ते १५०० या काळातल्या मधल्या फ्रेंचचा कोश. मिग्रेनसाठी चौथी आवृत्ती उघडली तर तिथे डोक्याचा अर्धा भाग व्यापणारी वेदना असाच अर्थ दिलाय. नेमकी ही ओळ मला भांडायला उपयोगी पडली. तीन, नवीन असाल तर सरळ एटिमॉलॉजीच्या टॅबवर जा, बाकी सगळं गाळून फक्त तो खालचा परिच्छेद समोर येतो. शब्दांच्या जवळिकीचा एक फिरता नकाशा पण आहे, दिसायला छान, मला त्याचा उपयोग झालेला नाही.

मेडिकल शब्दांसाठी साइट किती खोल जाते हे बघायचं तर 'सिरोझ' टाकून बघा. आपल्याकडे घरोघरी 'लिव्हर सिरॉसिस' म्हणतात तोच. हा शब्द आपोआप झिजून नाही आला, एका माणसाने घडवला, रने लाएनेक, ज्याने स्टेथोस्कोप काढला तोच. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर हॉस्पिटलमध्ये त्याने कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीचे ठोके ऐकले, पुढे लाकडाची नळी केली, तिला बरेच दिवस नुसतं 'सिलेंडर' म्हणायचा आणि मग ग्रीक स्तेथोस म्हणजे छाती घेऊन स्तेतोस्कोप नाव दिलं. १८१९ मध्ये त्याचा छातीच्या आजारांवरचा मोठा ग्रंथ आला, त्यातच एका तळटीपेत त्याने यकृताच्या या आजाराला सिरोझ म्हटलं, ग्रीक 'किर्रोस' म्हणजे पिवळसर तपकिरी, कारण चिरलेल्या यकृतात त्याला त्या रंगाचे दाणे दिसले. म्हणजे दारूने होतो ते नावात नाही, यकृत कडक होतं ते पण नावात नाही, फक्त रंग आहे. एका डॉक्टरने एका सकाळी टेबलावर काय बघितलं ते त्या शब्दात अजून तसंच आहे.

आणि 'ग्रिप' बघा, फ्रेंचमध्ये फ्लू. ग्रिपे म्हणजे पंजाने झडप घालून धरणे, त्यावरून. तापाने धरलंय असं आपण म्हणतो ना, अगदी तेच. त्यांच्याकडे एखाद्याबद्दल मनात अढी बसली तरी त्या माणसाला 'ग्रिपमध्ये घेतलं' म्हणतात, आणि हा अर्थ आजारापेक्षा दूरचा वाटला तरी नोंद वाचली की दोन्ही एकाच धाग्यात बसतात.

कमी काय आहे ते पण सांगते. सगळं फक्त फ्रेंचमध्ये आहे, इंग्रजीचा पर्याय नाही, त्यामुळे फ्रेंच बी-वन म्हणजे मध्यम लेव्हलच्या खाली असेल तर एटिमॉलॉजीचा परिच्छेद जड जाईल, विशेषतः संक्षेप. 'आंप्र.' म्हणजे उसना घेतलेला, 'आ. फ्र.' म्हणजे जुनी फ्रेंच, 'ब. लॅट.' म्हणजे उत्तरकालीन लॅटिन, असे दहा-बारा आधी वहीत लिहून घ्या, मी घेतले होते. दुसरं, त्रेझॉरचा भर १७८९ ते १९६० या काळातल्या फ्रेंचवर आहे आणि १९९४ ला तो पूर्ण झाला तो झाला, नवीन शब्द त्यात पडत नाहीत. कोविडच्या काळातले शब्द तिथे शोधू नका, त्यासाठी अकादमीकडे जावं लागतं. तिसरं, काही व्युत्पत्ती त्यानंतरच्या संशोधनात बदलल्यात, म्हणून काम महत्त्वाचं असेल तर वार्टबुर्ग यांचा फ्रेंच व्युत्पत्तीचा २५ खंडांचा जर्मन भाषेतला कोश पण बघायला लागतो.

लित्रेशी तुलना बरेच जण विचारतात. एमिल लित्रेचा कोश १८६३ ते १८७२ मधला, वाचायला त्रेझॉरपेक्षा गोड आहे आणि मेडिकल शब्दांसाठी तर मला तो अजूनही जवळचा वाटतो, कारण लित्रे स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेला होता आणि हिपोक्रेटिसचे सगळे ग्रंथ त्याने १० खंडांत फ्रेंचमध्ये आणले. त्या माणसाला ग्रीक वैद्यकातला प्रत्येक शब्द हाताळलेला होता. पण तारखा आणि पहिला वापर हवा असेल तर त्रेझॉरच, तिथे लित्रे पुरा पडत नाही.

आणि मराठीचं काय? हे लिहिताना सारखं तेच मनात येतंय. आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं खरं नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ मधला महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतात, कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश आहे, आणि पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, तिथे लोखंडी कपाटांमध्ये चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात, एकेका शब्दाच्या एकेका वापराच्या. पण अर्धशिशी हा शब्द मराठीत पहिल्यांदा कुठल्या पोथीत आला, तेव्हा त्याचं रूप काय होतं, शीर्षचं शिशी होताना मधली पायरी कोणती, हे एका क्लिकवर वर्षासकट दाखवणारं पान मला हवंय. फ्रेंच डोकेदुखीचं मिळतं, आईच्या डोकेदुखीचं मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फाइलचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी दोन पानांचं उत्तर लिहिलं, त्रेझॉरची नोंद, अकादमीची १७६२ ची ओळ, सुश्रुतातला अर्धावभेदक, सगळं जोडून. तीन दिवसांनी उत्तर आलं की ठीक आहे, पहिल्यांदा येईल तिथे 'अर्धशिशी (मायग्रेन)' आणि पुढे सगळीकडे अर्धशिशी. आणि ज्यांनी लाल शेरा मारला होता त्यांनी खाली स्वतःहून एक ओळ लिहिली होती, 'माझी आत्या पण हाच शब्द वापरते'.

रेटिंग, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण संक्षेपांचा आणि १९९४ च्या कुंपणाचा. फोनवर उघडते पण रंगवायचा रकाना आणि डबल क्लिक यासाठी लॅपटॉपच घ्या. पहिला शब्द कुठला टाकू असं विचाराल तर तुमच्या घरात जो आजार आहे त्याचंच फ्रेंच नाव टाका, आणि पान शेवटपर्यंत खाली न्या.